बाकावरच्या सिस्टर

माझी पत्नी जिथे वारली त्या रुग्णालयात तिचे राहिलेले कागद आणायला गेलो होतो. दाराशी लांब बाकावर नुकत्याच नर्सिंग पास झालेल्या मुली मुलाखतीसाठी दाटीवाटीने बसल्या होत्या. समोरून एका म्हाताऱ्याला घेऊन स्ट्रेचर आलं. म्हाताऱ्याच्या मुलाने सलाइनची बाटली अगदी खाली धरली होती. बाकावरची एक मुलगी चटकन उठली. "दादा, वर धरा. नळीत रक्त उलटं चढतंय बघा," म्हणत तिने त्याचा हात उंच केला.

"ए ताई, बस खाली!" खिडकीतला कारकून ओरडला. "अनुभव नाही आणि निघाली सिस्टर व्हायला. नुसत्या शिकलेल्यांना जागा नाही इथे."

जागा नाही! शेवटच्या दिवशी आमच्या हिने उशाजवळची घंटी किती वेळ दाबली होती. सबंध वॉर्डाला एकच सिस्टर, तीही धावून धावून थकलेली. "माणसं कमी आहेत, समजून घ्या," असं मला सांगण्यात आलं आणि मी शहाण्यासारखं समजून घेतलं. त्या शहाणपणाची आज चीड आली. कमी पडलेली माणसं इथे बाकावर बसवून ठेवली होती.

तेवढ्यात आत कुठेतरी घंटी वाजली. वाजतच राहिली. बाकावरच्या साऱ्या मुलींनी एकदम माना वर केल्या.