गफूरचाचांच्या गळ्यातला धागा

ऑपरेशन केलं तर आवाज जाईल, अशी थाप मी गफूरचाचांना मारली होती.

आज सकाळी चाचा गेले. हार्टनं. आवाज कालपर्यंत खणखणीत होता.

लातूरला क्लासेसच्या गल्लीत चाचांचं टेलरिंगचं दुकान. वरच्या रूमवर मी, मुदखेडहून डॉक्टर व्हायला आलेला रिपीटर.
डॉक्टर झालो न्हाई, हे माझ्याकडून मोबाईल रिपेअर करून घेणाऱ्या सगळ्यांना ठाऊक हाय.

आमच्या बायोलॉजीच्या सरांना गळ्याचं मोठं मॉडेल पाहिजे होतं. कापडाचं. मागच्या बाकावरच्यांना पण दिसंल असं.
ऑर्डर चाचांना. पुस्तकातलं चित्र समजावून सांगायचं काम मला. आख्ख्या बॅचमध्ये मीच सापडलो.

चाचांनी पांढऱ्या कॅनव्हासची श्वासनळी केली. तिच्यापुढं लाल मखमलीची थायरॉईड. पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी, मधी बारीक पट्टी.

"झालं चाचा," मी म्हणलं.
"पीछे क्या है?"
"मागं कोण बघतंय?"
"अरे, कपडा उलटा करके देखते. टेलर अंदर से पकडा जाता."

पान उलटलं. मागं खरंच चार दाणे होते, मसुरीएवढे. पॅराथायरॉईड. रक्तातलं कॅल्शियम सांभाळायचं काम त्यांचं.

चाचांनी चार पिवळी बटणं लावली आणि बघतच बसले.
"इत्ते छोटे? और इत्ता बडा काम?"

आता गंमत अशी की चाचांच्या स्वतःच्या गळ्यात गाठ होती. थायरॉईडचीच.
चहाचा घोट घेतला की वर जायची, घोट उतरला की खाली. ती लिफ्ट बघायला मी मुद्दाम त्यांना चहा पाजायचो.

पण गाठ वाढून श्वासनळी दाबून राहिली होती. आडवं झालं की श्वास शिट्टी मारायचा. डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख दिलेली.

मला काय सुचलं काय माहीत. म्हणलं, "चाचा, ही काढली की माणसाचा आवाज जातो. बकरीसारखं बोलतो. बें बें."

ते हसले. मी पण हसलो.

चार दिवसांनी चाची जिन्यात आडव्या आल्या.
"क्या बोला रे तू इनको? ऑपरेशन नक्को बोल रहे."
"मजाक केली चाची."
"मजाक?"

मग त्यांनी सांगितलं. किल्लारीच्या भूकंपात चाचा तिकडच्या एका गावात होते, लग्नाचे कपडे शिवायला गेलेले. दगडी भिंतीखाली दबले. हात हलंना, पाय हलंना. नुसता आवाज देऊन राहिले. त्या आवाजावर लोकांनी उकरून काढलं.

"वो बोलते, मेरेकू आवाज ने निकाला. आवाज किसीकू नै देता."

त्या दिवशी मी पुस्तक पहिल्यांदा खरंच वाचायला उघडलं. थाप होती हे पुराव्यानिशी सांगायचं होतं.

आणि बघतो तर काय.
थाप निम्मी खरी निघाली.

थायरॉईडच्या मागून, श्वासनळीच्या कडेनं, आवाजाची नस जाती. दोन्ही बाजूला एकेक. तिला धक्का लागला तर आवाज खरंच बसतो.

आता "मजाक केली" म्हणून सुटता येत नव्हतं. खाली गेलो, सगळं सांगितलं. खोटं किती, खरं किती.

वाटलं, कात्री फेकून मारतील.
चाचा म्हणाले, "दिखा. किधर से जाती?"

मॉडेल अजून दुकानातच होतं. मी त्याच्यावर बोटानं दाखवलं. वरून येती, गळ्यात थांबत न्हाई, डावीकडची तर सरळ छातीत उतरती, मोठ्या रक्तनळीला वळसा घालती, आणि परत वर गळ्यात.

"इत्ता घुमके कायकू? गला तो ऊपरीच है."
"मला काय माहीत?"
"कटिंग बेकार है. कित्ता धागा वेस्ट."

मग सुईत निळा धागा ओवला. मॉडेलला छाती नव्हती, तर खालच्या स्टँडला वळसा दिला आणि धागा वर आणून मखमलीच्या मागं टाचला.

दुसऱ्या दिवशी ते आख्खं मॉडेल काखेत मारून चाचा दवाखान्यात. मागं मी. लाईनीतली लोकं बघायली.

"डॉक्टरसाब, ये धागा मालूम है ना?"

डॉक्टरनं मॉडेल उलटं करून बघितलं. हसले न्हाईत.
"चाचा, मी आधी हाच शोधतो. डोळ्याला दिसला की मग कात्री. तरी आवाजाची गॅरंटी कोणीच देऊ शकत न्हाई."

बाहेर आल्यावर चाचा म्हणाले, "पहले धागा ढूंढता, फिर कैंची चलाता. ये आदमी टेलर है. करवा लेते."

ऑपरेशनच्या दिवशी मी माहूरच्या देवीला बोललो, परत थाप मारणार न्हाई. (तो नवस अजून फेडून राहिलो.)

चाचा शुद्धीवर आले. ओठ हलले.
काहीच ऐकू आलं न्हाई. चाचीनं माझा हात धरला.

मग घोगऱ्या आवाजात, पण साफ:
"बें... बें..."

आणि डोळा मारला.

चाची रडायल्या, हसायल्या. मी नुसता रडायलो.

दुसऱ्या दिवशी चाचांच्या ओठाला मुंग्या, बोटं वाकडी व्हायली. "बटन ढिले हुए क्या रे?" मी पळत जाऊन नर्सला सांगितलं. कॅल्शियम कमी पडलं होतं, लगेच दिलं. काही दिवसांनी बटणं परत कामाला लागली.

तेव्हापासून मी 'बकरी'. मुदखेडला आलो तरी फोन उचलला की पहिलं तेच. स्पीकरवर नसला तरी गिऱ्हाइकाला ऐकू जायचं.

आज शेवटचं दर्शन घेतलं. सगळ्यांनी तोंड बघितलं, मी गळा. ऑपरेशनची शिवण कातडीच्या घडीत अशी लपलेली की हुडकावी लागली.
तुम्हीच म्हणायचा ना चाचा, सफाईका काम है.

क्लासवाल्यांनी ते मॉडेल कधीच फेकून दिलं होतं. मी तेव्हाच उचलून आणलेलं, माझ्या दुकानात टांगलंय. मखमल विटली. एक बटण गेलं.
निळा धागा शाबूत हाय.

खुदा हाफिज, गफूरचाचा.
तुमच्या बकरीचा शेवटचा सलाम.