गुडघ्यावर लिहिलेला प्रोग्राम

अलकापुरीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखत देऊन मी निकालाची वाट बघत बाहेर बसलो होतो. तेवढ्यात आतून पन्नाशीचे एक गृहस्थ आले आणि शेजारी टेकले. मला फोनवर आईशी मराठीत बोलताना ऐकून ओळखीचं हसले. त्यांनाही माझ्यासारखाच प्रोग्राम लिहायला दिला होता. तोच प्रोग्राम ते आता बोटानं गुडघ्यावर ओळीनं पुन्हा लिहीत होते. एकदम बोट थांबलं. ते उठले आणि दार ठोठावून आत डोकावले.

"सर, मेरा गलत हुआ. लिस्ट में कुछ भी नहीं आया तर प्रोग्राम बंद पडेगा."

"चालशे, काका. बेसो," आतून गुजरातीत उत्तर आलं; म्हणजे चालेल, बसा.

ते परत येऊन बसले. मी म्हटलं, "कशाला सांगितलंत? त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं."

"नोकरी त्यांची. उत्तर तर माझं ना?"

माझ्या प्रोग्राममध्येही तीच चूक होती. मी जागचा हललो नाही. नोकरी मला मिळाली.

आता तिथं मुलाखती मीच घेतो. उमेदवार बाहेर गेला की थोडा वेळ दार उघडंच ठेवतो. अजून कुणी परत आलेलं नाही. मी तरी कुठे गेलो होतो?