खारट दूध

म्हशीला रविवार नसतो. गेली आठ वर्षं मी हे लोकांना सांगत आलो आणि लोक हसत आले, म्हणून आता सांगणंही सोडलं. पहाटे साडेचारला उठायचं, शटर वर करायचं, फॅटचं मशीन पुसून चालू करायचं, तोवर पहिली किटली दारात हजर. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. सख्ख्या मेव्हण्याच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या तेव्हा मी इथे लोकांच्या दुधाची फॅट काढत बसलो होतो. बायको अजून तो विषय काढते, आणि तिचं काही चुकत नाही.

आमचं गाव ताडकळसपासून मोटारसायकलवर पंधरा मिनिटांचं. पूर्वी इथलं दूध इथेच जिरायचं. लेकरांना, चहाला, उरलंच तर तुपाला. मग एका कंपनीची गाडी यायला लागली आणि आमच्या पुढच्या खोलीत डेअरी झाली. सोयाबीन वर्षातून एकदा हातात येतं, तेही आभाळाच्या मर्जीनं. दूध रोजचं. ज्याच्या दावणीला एक म्हैस होती त्यानं दुसरी आणून बांधली, ज्याच्याकडे एकही नव्हती त्यानं शेरडं विकून एक घेतली. सुरुवातीला माझे दोन कॅन जेमतेम भरायचे, ते बघता बघता नऊवर गेले. आमचं दूध हैदराबादेत पिशवीतून विकलं जातं, त्याची पावडर कुठल्या कुठे जाते, असं कंपनीचा सुपरवायझर सांगतो. जात असेल. मी अजून हैदराबाद पाहिलेलं नाही.

डेअरीत मी आणि माझी माय, दोघंच. मशीन, वजन, पावत्या माझ्याकडे. कॅन धुणं, त्यांच्या तोंडाला चाळणीचं फडकं बांधणं, भरले की झाकणं लावणं हे मायकडे. तिला कानानं कमी ऐकू येतं, पण कामाला ती माझ्यापेक्षा खमकी आहे.

शेरडं विकून म्हैस घेणाऱ्यांत आमच्या गल्लीतली एक मावशी होती. नात्याची नाही, मानलेली. तिचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं. नवरा कळप घेऊन वर्षातले सहा महिने बाहेर, घरी ही आणि थोडी शेरडं. म्हैस घेतल्यापासून रोज पहाटे रांगेत पहिला नंबर हिचा. ती म्हशीला स्वतः नदीकाठी चारायला न्यायची, दुपारभर तिच्यामागे उन्हात उभी राहायची. तिच्या दुधाची डिग्री, म्हणजे दाटपणा, गावात सगळ्यात वर लागायची. मी बाकीच्यांना टोमणा मारायचो, मावशीकडून शिका जरा.

एका अमावास्येला सकाळी अकराच्या सुमारास, आमचे कॅन जिथे जातात त्या कंपनीच्या शीतकेंद्रावरून फोन आला. तुमच्या पहिल्या नंबरच्या कॅनात मीठ निघालंय. दुधात पाणी घातलं की डिग्री उतरते, ती वर चढवायला काही महाभाग मीठ टाकतात, हे मला माहीत होतं. आपल्या गावात कुणी टाकेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं. सुपरवायझर म्हणाला, आणखी एकदा निघालं तर तुमचं केंद्र बंद. डेअरी बंद म्हणजे माझं घर तर बसलंच, पण तिच्या भरवशावर जनावरं घेतलेल्या चाळीसेक घरांना मी काय तोंड दाखवणार होतो?

पहिला कॅन भरतो तो पहिल्या सात-आठ जणांच्या दुधानं. दुसऱ्या दिवशी मी त्या सगळ्यांचं दूध एकेक करून तपासलं. डिग्री सगळ्यात जास्त मावशीची. ती रोजच असायची, पण त्या दिवशी मला तोच पुरावा वाटला. चमचाभर दूध जिभेवर घेतलं. किंचित खारट लागलं. सगळी रांग बघत होती.

‘मावशी, उद्यापासून दूध आणू नका,’ मी म्हणालो.

‘कामून, बाबा?’

‘मीठ हाय ह्यात.’

‘म्हैस गाभण हाय. आटत आलीया. आटत्या म्हशीचं दूध लागतंय थोडं खारट.’

‘ते मला सांगू नका.’

गुरांच्या घरात जन्मलेल्या माणसाला हे माहीत नसतं असं नाही. मला माहीत होतं. पण मला माणूस हवा होता, आणि तो समोर उभा होता. मावशीनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे आतल्या दाराकडे पाहिलं, आणि किटलीला झाकण लावून ती निघून गेली. रांगेतला एक जण म्हणाला, बरं केलंस, असल्यांना ठेचलंच पाहिजे. मला तेव्हा ते ऐकून बरं वाटलं.

पुढे जे झालं ते गावाला कुणी शिकवावं लागत नाही. चौकातल्या हॉटेलवाल्यानं तिचं दूध नको म्हटलं. लग्नाच्या पंगतीत भाजी अळणी लागली की कुणीतरी म्हणायचं, मावशीला बोलवा, आणि सगळे खिदळायचे. तिसऱ्या आठवड्यात तिनं म्हैस ताडकळसच्या बाजारात विकली. गाभण म्हैस कुणी विकत नसतं. व्यायला दोन महिने राहिलेली म्हैस विकणं म्हणजे भरलं ताट दुसऱ्यापुढे सरकवणं. हे कानावर आलं तेव्हा मी मनात म्हणालो, पाप बाहेर येतंच. महिनाभर मीठ निघालं नव्हतं, त्यामुळे माझी खात्रीच होती.

मग पुढची अमावास्या आली, आणि फोनही आला. पहिला कॅन, मीठ. सुपरवायझरच्या हातापाया पडून मी एक संधी मागून घेतली. त्या दुपारी मी जेवलो नाही. माय म्हणाली, काय झालं? मी ओरडूनच सांगितलं, कारण तिला तसंच ऐकू जातं. कुणीतरी कॅनात मीठ टाकायलाय.

‘मीच टाकते की,’ माय म्हणाली. ‘अमावस्येला.’

मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं, कशाला?

‘वाटीभर दूध घराबाहेर द्यायचं तरी मिठाचा खडा टाकून देतेत. नजर लागती. हितं तर ढिगानं कॅन जायलेत रोज. सगळ्या गावाचा डोळा हाय तुझ्यावर.’

‘किती टाकतेस?’

‘वाटीला खडा, मग कॅनाला मूठ नको?’

‘मग पहिल्याच कॅनात कामून?’

‘पहिला राखला की मागचे राहतेत.’

तिचा हिशोब बरोबर होता. लहानपणी शेजारी ताक घेऊन जाताना तिनं माझ्यासमोर कितीदा तरी खडा टाकला होता. दोन कॅन होते तोवर तिला कुणाची धास्ती नव्हती. नऊ झाले, आणि तिला रात्रीची झोप लागेना, हे तिनं त्या दुपारी मला पहिल्यांदा सांगितलं. शीतकेंद्रात मीठ तपासतात हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. तिच्यावर रागवायलाही माझ्यात त्राण उरलं नव्हतं.

संध्याकाळचं दूध उरकून मी मावशीकडे गेलो. ती अंगणात शेरडांना पाला टाकत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिनं हातातला पाला टाकून संपवला.

‘मला ठावं व्हतं,’ मग ती म्हणाली. ‘त्या अमावस्येला मी पहिली आले व्हते. तुझ्या मायनं माझ्या म्होरंच मीठ टाकलं कॅनात, मग फडकं बांधलं.’

‘मग मनला का न्हाईत तुमी?’

‘तुझ्या दारात उभी राहून तुझ्या मायचं नाव घेऊ? इतक्या लोकांत? तिनं काय वाईट केलं? मीबी तेच केलं असतं.’

मी म्हणालो, उद्या सकाळी रांगेसमोर मी सगळं सांगतो, तुमची माफी मागतो. तिनं मान हलवली.

‘नको. म्हातारीला लोक नावं ठेवतेल. डेअरीला ठेवतेल. लय घरं हायेत तिच्यावर. माझी म्हैस गेली ती गेली.’

मला हायसं वाटलं. खरं तेच लिहायचं तर, तिच्या अंगणात उभा असताना मला लाजेच्या आधी हायसं वाटलं. नवी म्हैस घेऊन देतो म्हणालो, त्यावर ती नुसती हसली आणि शेरडं बांधायला वळली. त्या दिवसापासून मायच्या हातून मीठ मी सोडवलं. आता तिनं कॅनांच्या कड्यांना काळा दोरा बांधलाय, त्याला कंपनीची हरकत नाही.

यंदा कंपनीनं तालुक्याला कार्यक्रम ठेवला. सगळ्यात जास्त वाढलेलं केंद्र म्हणून माझा सत्कार होता. गावातून दोन जीप भरून माणसं आली. मायला मी पहिल्या रांगेत बसवलं होतं. शाल, नारळ झालं, आणि कंपनीचे मोठे साहेब बोलायला उठले. देश दुधात कुठे चाललाय ते सांगून झाल्यावर ते माझ्याकडे वळले. म्हणाले, ह्या माणसानं दुधात मीठ मिसळणाऱ्या एका घराला भर रांगेत पकडलं, नात्यागोत्याचा विचार न करता त्याचं दूध बंद केलं, म्हणून आज हे केंद्र इथवर आलं. टाळ्या पडल्या. आमच्या गावच्या लोकांनी जरा जास्तच जोरात वाजवल्या. मायला काही ऐकू आलं नसावं, पण सगळे वाजवतायत म्हणून तिनंही वाजवल्या.

मग साहेबांनी माईक माझ्या हातात दिला, दोन शब्द बोला म्हणाले. दोन शब्दांत सांगता येण्यासारखंच होतं ते. मी कंपनीचे आभार मानले आणि खाली बसलो.