सृष्टीच्या वायरलेसची ताकद

रेवणप्पा मूळचा उदगीरचा, पण रेडिओ दुरुस्तीचं दुकान किनवटला. माझं शिलाईचं दुकान त्याला खेटूनच. दोरीला साप म्हणणारा माणूस! पोर एसटीत बसली की याला घाटात उलटलेली गाडी दिसायची.

ही त्याची एकुलती एक पोर, सृष्टी, नर्स झाली आणि पहिली नेमणूक मिळाली जंगलातल्या उपकेंद्रात. तिथं मोबाईलला रेंज नाही. मग यानं दोन सीबी वायरलेस, म्हणजे बटण दाबून बोलायचे आणि सोडून ऐकायचे सेट, आणले. एक दुकानात, एक तिच्या खोलीत. आवाज खरखरला की याच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी दोन्ही सेट उघडून आतले पेच फिरवले आणि ताकद कायद्याच्या हद्दीबाहेर नेली.

"पकडतील ना बाबा," मी म्हटलं.

"पकडू दे. पोरीचा आवाज तर येऊन राहिला."

श्रावणातली संध्याकाळ होती. नाल्याला पूर आलेला, अ‍ॅम्ब्युलन्स अलीकडच्या काठावर अडकलेली आणि पलीकडे उपकेंद्रात सिंधू नावाची बाई बाळंतपणात अडलेली. सृष्टीनं दार लावून बापाला सांगितलं, "अप्पा, लई भ्या वाटून राहिलंय. माझ्या हातानं न्हाई व्हायचं हे."

मग ती किंचाळलीच. "अप्पा, माझाच आवाज देवळाच्या भोंग्यातून येऊन राहिलाय!"

उपकेंद्राशेजारच्या देवळात सप्ताह चालू होता. सात दिवस भजन थांबवायचं नाही, भोंगा बंद करायचा नाही. वाढवलेल्या ताकदीनं तिचं बोलणं त्या भोंग्यात शिरलं आणि गावभर वाजलं. नर्सच घाबरली म्हटल्यावर सिंधूच्या सासरचे तिला तिथून हलवायला बैलगाडी जुंपायला निघाले.

रेवणप्पाचा चेहरा पांढराफटक पडला. "बोलू नको बाळा. नुसतं ऐक."

"तुमच्याशी बोलल्याबिगर मला न्हाई जमायचं."

"मग पेचकस घे. झाकण काढ. लाल रंगाचा पेच डावीकडं फिरव, हळू."

"अजून येऊन राहिलाय भोंग्यात."

"आणखी फिरव."

दर खेपेला तिचा आवाज बारीक होत गेला. "आता भोंगा गप्प..." एवढंच कळलं. मग नुसती खरखर. दुकानातल्या सेटची ताकद तेवढीच होती; याचं बोलणं तिकडं पोचत असणार, तिचं मात्र इकडं येईना.

"थोडा परत वाढवायला सांग की," मी त्याचा खांदा धरून म्हणालो.

त्यानं माझा हात झिडकारला आणि बटण दाबलं. "सृष्टे, मला समदं स्वच्छ ऐकू येऊन राहिलंय. मी हाय. तू बोल." बटण सोडलं, कान लावला. खरखर. तरी जरा वेळानं पुन्हा बटण दाबून म्हणायचा, "हाव बाळा, हाव. बरोबर करून राहिलीस तू." कपाळावरून घाम गळत होता, पण आवाज असा की जणू ती समोरच बसलीय.

दुसऱ्या दिवशी पूर ओसरला आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर सत्यम दुकानात आला. "मुलगी झाली, काका. दोघी खुशाल हायत. सासरचे न्यायला निघाले व्हते, पण ताई दारात आडव्या उभ्या राहिल्या. म्हणल्या, माझे अप्पा ऐकून राहिलेत, आता मला भ्या न्हाई. बाळ हातात येईस्तोवर बोलतच व्हत्या तुमच्याशी."

सत्यम गेला. रेवणप्पा स्टुलावर बसून लहान पोरासारखा रडला.

"काय काय बोलली असंल रे ती?" त्यानं मला विचारलं.