ताईसाठी वाढवलेला वेग

माझ्या चष्म्याच्या दुकानाला लागून ज्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्याला सगळी गल्ली टर्बो म्हणते. प्रोसेसरला आणि रॅमला कंपनीने जो वेग ठरवून दिलेला असतो, तो टर्बोला कधीच पटला नाही. "कंपन्या हातचं राखून देतात," असं म्हणून तो सेटिंगमध्ये शिरायचा आणि वेग वाढवून ठेवायचा. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हे मला त्यानेच शिकवलं. गिऱ्हाईक बिचारं पंखा बदलायला मशीन आणून द्यायचं आणि हा त्याला न विचारता मशीनचा वेगही चढवून द्यायचा. मी म्हणायचो, "अरे, माझ्याकडे लोक वाचायचा चष्मा मागतात, मी त्यांच्या गळ्यात दुर्बीण बांधतो का?" तो नुसता हसायचा. स्वतःवर इतका खूश असलेला माणूस शेजारी असला की दिवस मजेत जातो, पण अधूनमधून त्याचा कान पिळावासाही वाटतो.

त्याची थोरली बहीण, जिला मीही ताईच म्हणतो, घरी बसून प्रकाशकांसाठी कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावते, मजकुरातल्या चुकाही काढते. कामात इतकी चोख की लेखकाच्या नजरेतून सुटलेलं तिच्या नजरेतून सुटत नसे. टर्बोने तिला स्वतःच्या हाताने मशीन बांधून दिलं आणि बहिणीचं म्हणून वेग जरा जास्तच चढवला. दुकानात दिवसभर तपासलं, कुठे अडलं नाही, म्हणून मोठ्या ऐटीत नेऊन दिलं.

पुढे ताईचे फोन येऊ लागले. मशीन मध्येच बंद पडतं, आणि परत चालू केलं की सकाळी केलेल्या दुरुस्त्या पानावर नसतात. टर्बोने मशीन बघायला जायला हवं होतं. तो गेला नाही. "ताई, तू सेव्ह करायला विसरत असशील," असं म्हणून तो फोन ठेवायचा. हे वाक्य त्याच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

ताईला तर ते आधीच खरं वाटलं होतं. त्यांची आई शेवटी सगळं विसरली होती. तिचं सगळं ताईनेच केलं, आणि त्याच आईने तिला एकदा विचारलं होतं, "बाई, तुम्ही कुणाच्या?" त्यामुळे काढलेल्या चुका पानात परत आल्याचं प्रकाशकाने सांगितल्यावर ताई वाद घालत बसली नाही. आता आपली पाळी, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. हातातली कामं परत केली आणि मशीन टर्बोच्या दुकानात आणून ठेवलं.

"कुणा गरजूला दे," ती म्हणाली. "माझं डोकं आता या कामाचं राहिलं नाही."

ती गेल्यावर टर्बोने झाकण काढलं, धूळ झटकली आणि रॅमची तपासणी लावली. एकही चूक निघाली नाही. "मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला. मशीन ठणठणीत म्हणजे ताईचंच काहीतरी बिघडलेलं.

तपासणी चालू ठेवूनच त्याने झाकण परत लावलं आणि आम्ही चहा प्यायला लागलो. कप रिकामे व्हायच्या आत पडद्यावर चुकांच्या लाल ओळी उमटायला लागल्या. टर्बोने रॅमच्या पट्ट्या एकेक करून लावून पाहिल्या, व्होल्टेज बदलून पाहिलं, प्रोसेसरचा वेग कमी केला, तरी लाल ओळी येतच राहिल्या. शेवटी त्याने सगळं कंपनीच्या मूळ सेटिंगवर आणलं आणि पडदा स्वच्छ राहिला. खात्रीसाठी स्वतःचं सेटिंग पुन्हा चढवलं, तर पुन्हा लाल.

याच्या दुकानात मशीन कायम उघडी आणि डोक्यावर पंखा. ताईचं मशीन मात्र टेबलाखालच्या बंद कप्प्यात, दिवसभर तापत बसलेलं. तापलं की वाढवलेला वेग रॅमला झेपत नव्हता आणि सेव्ह केलेलंही बिघडत होतं. तिथे ते कसं चालेल, हे याने कधी पाहिलंच नाही. "स्वतःच्या बहिणीला मी वेड्यात काढलं," तो म्हणाला. खरं सांगायचं तर त्याची समजूत घालावीशी मला वाटेना.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलेलं मशीन घेऊन तो ताईकडे गेला आणि मला साक्षीला नेलं. लाल ओळींचे फोटो दाखवून त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. सांगताना रडला. मीही माझ्या परीने दुजोरा दिला.

ताईने शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"लहानपणी काचा मी फोडायचे आणि मार हा खायचा," ती मला म्हणाली. "अजून याची सवय गेली नाही बघा. आणि आज तुम्हालाही पढवून आणलंय."

"ताई, खरंच माझीच चूक आहे गं."

"हो रे बाळा," ती म्हणाली. आईची समजूत काढताना ती अशीच बोलायची.

प्रकाशकाला टर्बोने स्वतः भेटून सगळं सांगितलं आणि कामं परत मिळवली. आता तो दुपारी दुकान बंद करून ताईकडे जातो. ती पान लावते आणि प्रत्येक ओळीला त्याच्याकडे वळून विचारते, "बरोबर आहे ना रे?" तो बरोबर आहे म्हणतो, मगच ती पुढे सरकते.