गफूरचाचांची कमान मी सरळ केली

मला एक सांगा, घरातली जपलेली वस्तू चार दिवस कुणाकडं ठेवायची वेळ आली तर तुम्ही कुणावर विश्वास टाकाल? ज्याला त्यातलं काही कळत नाही त्याच्यावर, की ज्याला सगळंच कळतं त्याच्यावर? दुसऱ्यावर म्हणालात ना? चुकलात. चहा घ्या आधी, मग सांगतो. गाढवपणा माझाच आहे, त्यामुळं तपशील खात्रीचा मिळेल.

उस्मानपुऱ्यात माझी लाकडाची वखार. गंगापूरकडच्या खेड्यातनं आठवी नापास होऊन आलो, दुसऱ्याच्या वखारीत फळ्या उचलल्या, आणि लाकडानंच मला शिकवलं. डोळे झाकून बोटानं टकटक केली तरी साग कुठला, शिसव कुठला, बाभळीनं किती उन्हाळे काढलेत, सगळं सांगतो. परवाच एकानं बांबू मागितला, तर त्याला म्हटलं, बाबा, पुढच्या दुकानात जा. इथं लाकूड मिळतं, गवत नाही.

असा सगळा रुबाब. तीस वर्षांत ‘मला माहीत नाही’ हे वाक्य माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. खोड ती हीच.

वखारीच्या मागं दोन खोल्यांत गफूरचाचा राहतात. वय सत्तरीच्या पुढं, पण हाड बसवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. बारा वर्षांपूर्वी मी लाकडांच्या थप्पीवरून पडलो आणि खांदा निखळला. चाचांनी मला जवळ बसवलं, हात हातात घेतला आणि सागाचा भाव विचारला. मी तो जरा वाढवून सांगत होतो, तेवढ्यात खट्! हाड जागेवर. पैसे काढले तर म्हणाले, शेजाऱ्याकडनं काय घ्यायचं?

तेव्हापासून या माणसासाठी काहीतरी करावं, असं मनात होतं. ते मी केलं. तोच हा किस्सा.

चाचांचं घराणं कमानगरांचं. म्हणजे धनुष्यं बनवणाऱ्यांचं. त्यांचे पूर्वज दौलताबादच्या किल्ल्यावरच्या शिपायांना कमानी करून द्यायचे. पुढं बंदुका आल्या, कमानी कुणी विचारीना. मग वाकवायची, ताणायची, बांधायची सवय असलेले ते हात माणसांची हाडं बसवू लागले. त्या जुन्या धंद्याची एकच खूण घरात उरलेली: खापरपणजोबांच्या हातची एक कमान, हिरव्या कापडात गुंडाळून भिंतीला टांगलेली.

चाचांची नात शबाना इतिहास शिकते. आपल्या भागातली कमानगिरी, असा विषय तिनं प्रबंधासाठी मागितला होता. तिच्या मॅडम म्हणाल्या, अशा गोष्टी घरोघरी सांगतात, पुरावा काय? शुक्रवारी येते, कमान दाखव, मग विषय देते. थोडक्यात, पोरीचं सगळं त्या कमानीवर येऊन थांबलेलं.

आणि त्याच आठवड्यात चाचांच्या खोल्यांचे पत्रे बदलायला काढले. पावसाच्या आत काम व्हायला हवं होतं. सोमवारी सकाळी चाचा कमान घेऊन वखारीत आले.

“नानासेठ, चार दिवस सांभाळा. कोरड्यात ठेवा. आन् ती उलटी दिसते, तर...”

“चाचा, लाकडाचं मला सांगता?” मी म्हटलं.

ते हसले आणि गेले. ते वाक्य मी त्यांना पुरं करू दिलं असतं ना, तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडं काही नसतं.

दुपारी कापड सोडलं. बघतो तर काय, कमान पार वाकडी! साधी वाकडी नाही हो, उलट्या अंगाला वाकलेली. दोन्ही टोकं भलतीकडंच वळून एकमेकांना भेटायला निघालेली, उताण्या पडलेल्या खेकड्याच्या नांग्या जशा.  ओल्या भिंतीला वर्षानुवर्षं टांगून लाकडानं बाक घेतला, दुसरं काय? आणि शुक्रवारी हे मॅडमना दाखवणार?

माझ्याकडं सखाराम मिस्त्री आहे, करवतीवर बसतो. त्यानं कमान उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाला, “नाना, टोकाला दोरी अडकवायच्या खाचा तर ठीक दिसतेत. चाचांना इचारून घ्या की.”

“विचारलं तर त्यांना लाज वाटंल. गुपचूप सरळ करून देऊ. बारा वर्षांचं ऋण आहे माझ्या खांद्यावर.”

“खांद्यावर हाय ते खरं,” सखाराम म्हणाला आणि करवतीकडं गेला.

आता फळीनं बाक घेतला तर काय करतात, माहितीय? खोलगट अंगाला ओली पोती लावायची, वर वजन ठेवायचं, लाकूड आपसूक परत येतं. शेकडो फळ्या मी अशा सरळ केल्यात. इथंही तेच केलं. दोन बादल्या पाणी, चार पोती, आणि वर बाभळीचा ओंडका.

बरं, गप्प बसावं की नाही? येईल त्या गिऱ्हाइकाला मी माहिती देऊ लागलो. म्हटलं, ही धामण आहे, धामण. धनुष्याला तेच लाकूड लागतं. लवचीक! वाकवा, सोडा, परत जागेवर. कुऱ्हाडीचा दांडा म्हणा, कावडीची काठी म्हणा, पूर्वी सगळी धामणच. साग दिसायला देखणा, पण ताणला की कडकन मोडतो. बाभूळ वाकायलाच तयार नाही. आणि धामणीचा हा वास बघा, म्हणून मी पोत्याला नाक लावून दाखवलं. बिडकीनचा एक गिऱ्हाईक दार करायला आला होता, त्याला तर सांगितलं की याच कमानीच्या बाणानं देवगिरीच्या तटावरनं हत्तीचा माहूत पाडला होता. कुठून सुचलं, देव जाणे. बिचाऱ्यानं ओंडक्याला हात जोडले.

बुधवारी सकाळी वखारीत वेगळाच वास. धामणीचा नव्हे. गल्लीतली दोन कुत्री पोत्यांशेजारी मोठ्या आशेनं बसलेली. पोतं उचललं तर हाताला चिकट. दुसरं उचललं. 

कमान नव्हतीच तिथं. काळ्या पट्ट्या एकीकडं, ओल्या कापसासारखे धाग्यांचे पुंजके दुसरीकडं, मध्ये चिकटानं माखलेली चपटी पट्टी. सगळं सुटं सुटं. जोडणारा सरस विरघळून पोत्यात गेला होता.

सखारामनं एक पट्टी उचलून पाहिली, खाली ठेवली. मग म्हणाला, “बाक मातुर गेला, नाना.”

चाचांकडं जायचं म्हणजे पन्नास पावलं, पण मला गंगापूर गाठल्यासारखं वाटलं. ते अंगणात ताडपत्रीखाली बसलेले, समोर एकाचा मुरगळलेला घोटा.

“चाचा, ती कमान... मी सरळ केली.”

हात थांबला. “सरळ? कशानं?”

“ओल्या पोत्यांनी.”

“कित्ते दिन?”

“दोन.”

 चाचांनी आधी त्या माणसाचा घोटा बसवला, पट्टी बांधली, चार दिवस चालू नको म्हणून बजावलं. मग टोपी घातली आणि माझ्याबरोबर निघाले. शिव्या दिल्या असत्या ना, तर बरं वाटलं असतं.

वखारीत उकिडवे बसून त्यांनी एकेक तुकडा उचलला. नाडी बघावी तसा.

“सेठ, दोरी उतरवलेली कमान उलटीच असते,” ते म्हणाले. “रुसून बसते ती. दोरी चढवायची म्हंजे तिला मनवायचं, दुसऱ्या अंगाला फिरवायचं. तो रुसवाच तर बाण पळवतो. तुम्ही रुसवा काढला.”

मग त्यांनी सांगितलं. पोटाकडनं म्हशीचं शिंग, दाबाला टिकणारं. पाठीकडनं जनावराच्या पायाच्या शिरा कुटून काढलेले धागे, ताणाला टिकणारे. वर्षभर सावलीत सुकवायचं, तेव्हा कुठं कमान तयार.

मी बुडत्यासारखा मधल्या पट्टीकडं बोट दाखवलं. “आणि ही धामण ना, चाचा?”

त्यांनी नखानं चिकट खरवडला आणि पट्टी माझ्या हातात दिली. सरळ सरळ रेषा, मध्ये एक पेर.  मागून सखारामचा आवाज आला, “नाना, ह्यो तर बांबू हाय.”

तेवढ्यात शबाना आली. तिनं ते सगळं पाहिलं, आजोबांकडं पाहिलं, आणि हळूच विचारलं, “नाना, मॅडमना आता मी काय दाखवू?”

तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणालो, “मला माहीत नाही, बेटा.”

गुरुवारचा अख्खा दिवस चाचांनी वखारीतच काढला. तुकडे पुसले, सावलीत वाळवले, पांढऱ्या चादरीवर क्रमानं मांडले. म्हणाले, मोडलेलं हाड असलं तरी आधी कुठला तुकडा कुठला, हे बघायचं. शबाना शेजारी बसून विचारत होती, लिहीत होती. मी पाणी घेऊन गेलो तर दोघांनी एकदम हात आडवा केला. ग्लास होता हो तो, पिण्याचा.

शुक्रवारी मॅडम आल्या. चादरीकडं बघून त्यांचा चेहरा उतरला. हे कुणी केलं, म्हणाल्या. मी पुढं झालो. “मी. लाकूडवाला.” त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी थेट ओंडक्यामागं जाऊन उभा राहिलो.

मग शबाना बोलायला लागली. शिंग का, शिरा का, मध्ये बांबू का. चाचांनी एकदा मध्ये तोंड घातलं तर आजोबांनाच म्हणाली, दादा, मी सांगते ना. मॅडम आधी उभ्या होत्या, मग खाली बसल्या. शबानानं शिंगाची पट्टी उलटून दाखवली. आतल्या अंगाला कंगव्यानं ओढल्यासारख्या बारीक रेघा. सरसाला पकड मिळावी म्हणून त्या खापरपणजोबांनी ओढलेल्या. बंद कमानीत त्या कुणालाच दिसल्या नसत्या, चाचांनी स्वतःही त्या कधी पाहिल्या नव्हत्या. ते त्या रेघांवरून बोट फिरवत राहिले. 

विषय मिळाला. अट एकच, कमान परत जोडायची आणि प्रत्येक पायरी लिहून ठेवायची. जाता जाता मॅडम म्हणाल्या, “आम्हाला ही उघडून बघायची हिंमत कधीच झाली नसती.”

मी ओंडक्यामागून जरा छाती काढली. शबाना म्हणाली, “हिंमत नव्हती मॅडम, दोन बादल्या पाणी होतं.”

आता वखारीचा सगळ्यात कोरडा कोपरा चाचांचा आहे. ते सरस लावतात, मी धागा धरून ठेवतो. चुकलो की मनगटावर टिचकी बसते. बारा वर्षांचं ऋण फेडायला गेलो आणि दुप्पट करून आलो, पण खरं सांगू, या वयात शिकवायला कुणी मिळणं काय साधी गोष्ट आहे? चाचांना एकदा विचारलं, रागावला कसे नाही? म्हणाले, सेठ, तुम्ही चांगल्या मनानं मोडली. अशी मोडलेली जोडायला हात चालतात.

शबानानं परवा प्रबंधाचं आभाराचं पान वाचून दाखवलं. त्यात माझं नाव! ‘लाकूडतज्ज्ञ’ म्हणून! खोडायला लावलं तर ऐकत नाही, नुसती हसते. म्हणून तुम्हाला विनंती करतो. हा किस्सा पुढं कुणाला सांगाल तेव्हा हिशेब खरा ठेवा. मोडलं ते माझ्या नावावर टाका, जोडलं ते चाचांच्या, कळलं ते शबानाच्या. लाकूड मात्र कुणाच्याच नावावर टाकू नका. ते त्यात नव्हतंच. गवत होतं, आणि ते आपल्याकडं मिळत नाही.