रॅझमधला एक्का

रामटेके मॅडमसमोर एक्का उघडा पडला आणि त्यांनी पत्ते टाकून दिले. शेजारच्या टेबलावर एका कॉन्ट्रॅक्टरने तेच केलं. तिसऱ्या टेबलावर एका बँकवाल्याने तेच. मी भिंतीला लागून खुर्चीवर बसलो होतो. चूक तिघांची एकच होती, आणि या सगळ्यांना आदल्या दिवशी मीच शिकवलं होतं.

आधी मी कोण ते सांगतो. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावचा. बारा वर्षं गोव्यात कॅसिनोच्या जहाजावर नोकरी केली. सुरुवातीला डीलर, म्हणजे पत्ते वाटणारा. नंतर फ्लोअरवर, म्हणजे टेबलावर वाद झाला की धावत जाणारा. कंबर गेली तेव्हा गावी आलो. आता ब्रिज आणि पोकरचे क्लास घेतो. जुगार नाही. पैसे लावायचे नाहीत, चिप्स नुसत्या प्लास्टिकच्या, जिंकणाऱ्याला एक कप. एवढं समजावूनही सावलीत काही लोक माझ्याकडे त्याच नजरेने बघतात, तो भाग वेगळा.

चंद्रपूरजवळ खाणीच्या कॉलनीत एक क्लब आहे. त्याचे सेक्रेटरी भोयर साहेब, खाणीतले इंजिनीअर. मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावोगावच्या जत्रा-नाटकांचे दिवस संपले आणि त्यांचा फोन आला.

"रवीभाऊ, आमच्या इथी मिक्स्ड गेमची टूर्नामेंट ठेवून राह्यलो. नवशिकेच भल्ले जास्त आहेत. आदल्या दिवशी दोन तासांचा क्लास घ्या."

"टीडी कोण आहे?" टीडी म्हणजे टूर्नामेंट डायरेक्टर. नियमांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा.

"गोव्याहून येऊन राह्यला. प्रफुल्ल म्हून. आपल्या आरमोरीचाच आहे. एकदम बढिया मानूस."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. या प्रफुल्लला गोव्याला मी नेलं होतं. त्याला पत्त्यांची गड्डी नीट पिसता येत नव्हती. माझ्या खोलीवर तीन महिने त्याला रोज बसवून हात तयार केला. आता तो टीडी, आणि मी आदल्या दिवशीचा मास्तर. साहेबांनी फोनवर जाता जाता आणखी एक सांगितलं होतं: क्लबला कायमचा गेम्स कोऑर्डिनेटर हवा आहे, दर महिन्याला स्पर्धा घ्यायची आहे, या टूर्नामेंटनंतर माणूस ठरवू. मला ते पद हवं होतं. क्लासवर घर चालत नाही हे एक. दुसरं म्हणजे, निदान एका ठिकाणी तरी लोकांनी मला कामाचा माणूस म्हणावं. लढत मी आणि प्रफुल्ल यांच्यात आहे हे मी मनात पक्कं करून टाकलं.

शनिवारी एसटीने मूल गावावरून चंद्रपूरला पोहोचलो. क्लासला पंधरा जण होते. पुढच्या खुर्चीवर रामटेके मॅडम, ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवून रिटायर झालेल्या. मांडीवर वही, पेनचं टोपण आधीच काढून ठेवलेलं. अशी एक विद्यार्थिनी असली की मास्तरला जोर चढतो.

मिक्स्ड गेम म्हणजे काय, तर एकच टूर्नामेंट, पण दर वीस मिनिटांनी खेळ बदलतो. आमच्यात पाच खेळ होते: होल्डेम, ओमाहा, रॅझ आणि स्टडचे दोन प्रकार. डीलर टेबलावर पाटी ठेवतो, आता कोणता खेळ चालू आहे ती. नवशिक्याची पहिली चूक तिथेच होते. पाटी बदलते, डोकं बदलत नाही.

"पाचही खेळ येत नसतील तर?" मॅडमनी विचारलं.

"कुणालेच येत नाईत. जो येते त्यात खेळा. जो येत नाई त्यात पत्ते टाका आणि बसून राहा. चिप्स वाचवणं हेपन खेळनंच आहे."

त्यांनी लिहून घेतलं. मग मी ओमाहा सांगितला: हातात चार पत्ते, पण त्यातले नेमके दोनच वापरायचे, तीन नाही, एक नाही. तिथे पॉटचे, म्हणजे मधे जमलेल्या चिप्सचे, दोन भाग होतात, अर्धा मोठ्या पत्त्यांना, अर्धा लहान पत्त्यांना. अर्ध्यासाठी जीव टाकू नका, दोन्ही भाग मिळतील असे पत्ते असले तरच पुढे जा. इथे एका वेळी लावायची रक्कम ठरलेली असते, एकदम सगळ्या चिप्स ढकलून समोरच्याला घाबरवता येत नाही, म्हणून थापा कमी मारा. क्लास रंगला होता. मी रंगलो होतो.

तेवढ्यात दार उघडलं. प्रफुल्ल. निळा ब्लेझर, छातीवर नावाची पट्टी. चंद्रपूरच्या उन्हात ब्लेझर. अर्धा क्लास उठून उभा राहिला. कुणी हात मिळवला, कुणी फोटो काढला. भोयर साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला शेवटच्या रांगेत घेऊन गेले. तो बसला, माझ्याकडे बघून हसला आणि हात जोडले. हात जोडलेलेही मला आवडले नाहीत. नुसता आत येऊन बसला असता तर जरा बरं वाटलं असतं.

पुढचा खेळ रॅझ होता. त्यावर वीस मिनिटं ठेवली होती. मी दोन मिनिटांत संपवला.

"रॅझ म्हणजे आपली मुफलिस. लहान पत्ते जिंकतात. तुम्हाले सगळ्यांले येते. पुढे चला."

मुफलिस आमच्याकडे लहानपणापासून सगळे खेळतात, दिवाळीत चिंचोके लावून. तीनपत्तीच, पण उलटी: ज्याचे पत्ते सगळ्यात हलके तो जिंकतो. फरक एकच आहे, पण तो जीवघेणा आहे. मुफलिसमध्ये एक्का मोठा असतो आणि सिक्वेन्स भारी समजतात, म्हणून एक्का, दुर्री, तिर्री आली की शहाणा माणूस टाकून देतो. रॅझमध्ये एक्का सगळ्यात लहान आणि सिक्वेन्स धरतच नाहीत. तिथे एक्का, दुर्री, तिर्री याहून चांगली सुरुवात नाही. नागपूरपलीकडच्या माणसाला मी मुफलिसचं उदाहरण दिलंच नसतं. माझ्याच लोकांना दिलं आणि निम्मं दिलं. मला क्लास संपवायचा होता. मागच्या रांगेतला तो ब्लेझर मला सहन होत नव्हता.

बाहेर पोह्यांची प्लेट घेऊन उभा होतो, तर प्रफुल्ल जवळ आला.

"भाऊ, क्लास मस्त झाला. एक्क्याचं सांगाचं राह्यलं काय पन? मुफलिस म्हटलं ना तुम्ही, म्हून विचारलं."

त्याच क्षणी मला कळलं की राहिलं होतं. लोक अजून गेले नव्हते. दोन मिनिटांचं काम होतं.

"तू तुह्यं टेबल सांभाळ," मी म्हणालो. "मले शिकवून नको राहू. तुले गड्डी कोनं पकडाले शिकवली?"

"तुम्हीच, भाऊ," तो म्हणाला आणि गेला.

रविवारी सकाळी तीन टेबलं लागली. होल्डेम ठीक गेला. ओमाहात माझी माणसं शहाण्यासारखी पत्ते टाकत होती, मला अभिमान वाटत होता. मग डीलरने रॅझची पाटी ठेवली.

रॅझमध्ये प्रत्येकाचा तिसरा पत्ता उघडा असतो, म्हणून लांबूनही सगळं दिसतं. एक्का आला की माझा विद्यार्थी पत्ते टाकणार, आणि सत्ती-अठ्ठी घेऊन ऐटीत पुढे जाणार. क्लासला न आलेला एक सर्व्हेअर होता, त्याने हे तीन डावांत ओळखलं. त्याच्यासमोर ढीग वाढू लागला. माझे दोन जण बाहेर पडले. रामटेके मॅडमनी दुसऱ्यांदा एक्का टाकला, वर वहीत बघून मान हलवली.

खेळ चालू असताना बाहेरच्याने खेळाडूशी बोलायचं नाही, हा नियम मीच वर्षानुवर्षं लोकांना ऐकवलेला. घोषणा फक्त टीडी करू शकतो. म्हणजे उठायचं, प्रफुल्लकडे जायचं आणि म्हणायचं, तुझं बरोबर होतं. मी उठलो नाही. उलट एक विचार आला, खोटं कशाला सांगू: टूर्नामेंट बिघडली तर नाव टीडीचं खराब होतं. त्या विचाराने मला बरं वाटलं. पाच मिनिटं मी ते बरं वाटणं घेऊन बसलो.

प्रफुल्लने खेळाचं घड्याळ थांबवलं. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि माईक घेतला.

"एक सूचना. रॅझमधी एक्का सगळ्यात लहान पत्ता आहे. सिक्वेन्स मोजाची नाई. मुफलिससारखं खेळू नका. हे नियमांच्या कागदावर लिहाचं माझ्याकडून राह्यलं. चूक माही आहे, माफी मागतो."

कुरकुर झाली. एक जण चिडून बोलला. प्रफुल्ल ऐकून घेत उभा राहिला. गेलेले डाव परत येत नाहीत, पण बाहेर पडलेल्या दोघांना त्याने पुढच्या स्पर्धेत मानाची जागा कबूल केली. खेळ पुन्हा सुरू झाला.

ब्रेकमध्ये रामटेके मॅडम माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता पूजा होणार.

"भाऊ, तुम्ही सांगितलंच असंल. माह्याकडूनच लिहाचं राह्यलं. वय झालं आता."

इतकी वर्षं गणित शिकवलेल्या बाईने माझी चूक स्वतःच्या वयावर घेतली आणि मी चहा पीत राहिलो.

कप सर्व्हेअरने नेला. बक्षीस समारंभ झाल्यावर भोयर साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं.

"त्या गोव्यावाल्याकडून जरा गडबड झाली. पन तुमच्या क्लासची सगळे तारीफ करून राह्यले. कोऑर्डिनेटरचं तुमचंच पक्कं समजा."

जे हवं होतं ते हातात होतं. खिडकीतून प्रफुल्ल दिसत होता. ब्लेझर काढून, बाह्या वर करून चिप्स खोक्यांत भरत होता. कपाळावर आठी नाही. माझी चूक अंगावर घेऊन हा माणूस आरामात काम करत होता, आणि मी पद घेतलं तर आयुष्यभर त्याच्या उपकारावर बसणार होतो. तो माझ्या पुढे जाऊन टीडी झाला हे मी कसंबसं गिळलं होतं. तो माझ्यापेक्षा मोठ्या मनाचाही ठरावा, हे मला झेपेना.

"चूक त्याची नाई, साहेब. माही आहे. त्यानं मले कालच विचारलं होतं. मी ऐकलं नाई."

लोकांना वाटेल, सज्जनपणा. नव्हता. जळफळाट होता.

साहेबांनी विचारलं, "मग काल काऊन नाई सुधारलं?"

मी खुर्ची मागे सरकवून उठलो.

"पाहतो," ते म्हणाले. "कमिटीत बोलतो."

बाहेर प्रफुल्लला गाठून सगळं सांगितलं. त्याने हातातलं खोकं खाली ठेवलं.

"काऊन सांगितलं भाऊ? मले त हे पद नकोच होतं. साहेबानं मागच्या महिन्यातच विचारलं, मी नाई म्हटलं. पोरांची शाळा गोव्यात आहे. मीच तुमचं नाव देलं होतं. दुसरं नावच नव्हतं त्याइच्याकडं."

ते खोकं मी उचलून टेबलावर ठेवलं. मग सावलीची बस आहे म्हणून निघालो.

कमिटीने पद मला दिलं, पण एका अटीवर: प्रत्येक क्लासच्या नोट्स आधी प्रफुल्लला पाठवायच्या, त्याने पाहिल्याशिवाय वाटायच्या नाहीत. अट बरोबर आहे. रामटेके मॅडमना मी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं की वहीत काही राहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मले माहीत होतं. तुम्ही कधी सांगता ते पाहून राह्यली होती." आता त्या रॅझ माझ्यापेक्षा बरा खेळतात.

नवशिक्यांना सांगण्यासारखं एकच आहे. शिकवताना आणि खेळताना मागच्या रांगेत कोण बसलंय हे बघू नका. मी अजून बघतो. दर महिन्याला नोट्स गोव्याला जातात आणि दर महिन्याला तो एक तरी चूक काढून, खाली "नमस्कार भाऊ" लिहून पाठवतो. चूक खरीच असते. मी ती दुरुस्त करतो आणि दोन दिवस कुणाशी धड बोलत नाही.